डोळ्यांची आखणी

शनिवारी दुपारी हाफ-डे संपवून खोलीकडे निघालेल्या चंद्रावतीला वास्कोच्या बसस्टँडवर आपल्या शाळेच्या दप्तराचा पट्टा दिसला. तो एका रंगाऱ्याच्या उजव्या मनगटाला बांधलेला होता. रंगारी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून कचेरीच्या पाटीवरचं 'दमण व दीव' पुसत होता आणि तिथे 'राज्य' लिहीत होता. मे महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झालं तेव्हापासून असे रंगारी गावोगाव शिड्यांवर चढले होते. ऑगस्ट संपत आला तरी पाट्या संपत नव्हत्या. एवढंसं राज्य, पण पाट्या बघाव्यात तर दिल्लीला पुरून उरतील एवढ्या. चंद्रावती एरवी मान वर करून बघायचीसुद्धा नाही. आज बघितलं ते त्या पट्ट्याच्या पितळी बकलामुळे. बकलाची जीभ वाकडी होती. ती तिनेच सहावीत असताना दाताने ओढून वाकडी केली होती, आणि त्यासाठी आईच्या हातचा धपाटा खाल्ला होता. पट्ट्याला छत्रीच्या काड्यांचा एक लांब हात जोडला होता, त्या हाताला सायकलच्या सीटची स्प्रिंग होती आणि पलीकडच्या टोकाला वाळू भरलेली औषधाची बाटली लोंबत होती. रंगाऱ्याचा कुंचला उजवीकडे गेला की बाटली सावकाश डावीकडे जायची. खाली चार रिकामटेकडे उभे राहून मजा बघत होते. छत्री, सायकल आणि खोकल्याच्या औषधाची बाटली यांचं एकमेकांशी लग्न लावणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच होता, आणि तो चंद्रावतीचा बाप होता.

तिला पहिल्यांदा आली ती लाज. जुनी, ओळखीची लाज, लहानपणी बाजारात बाबा दिसले की यायची तीच. हातातली पावाची पिशवी सावरत ती पुढे निघून गेलीसुद्धा, पानाच्या गाड्यापर्यंत. मग परत आली. "हे कोणी दिलं तुम्हाला?" तिने खालून विचारलं. रंगारी मोकळ्या मनाचा होता. केरबा त्याचं नाव, मूळचा कोल्हापूरकडचा. तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि मनगट तिच्यापुढे धरून म्हणाला, "हे व्हय? पेडण्याच्या आत इब्रामपूर हाय, तिथं एक म्हातारं मूर्त्या करतंय. त्येनं दिलं. शिडीवरनं पडून मनगट मोडल्यालं माझं. हाड जुळलं, पर हातात जोर न्हाई. म्हनलं, बसला आता धंदा. म्हाताऱ्यानं हे बांधलं, आन् बघा की आता अक्षर!" अक्षर खरंच देखणं होतं. "विकत दिलं?" "न्हाई ओ. सोत्तासाठी केल्यालं त्येनं. त्येचा हात लई कापतोय न्हवं. बांधून बघितलं, आन् दिलं काढून मला. म्हनला, अक्षराला चालतं हे, डोळ्याला चालत न्हाई." एवढं बोलून केरबा परत वर चढला. 'राज्य'मधला 'य' अजून अर्धाच होता.

त्येचा हात लई कापतोय न्हवं. जगात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसा केरबा हे बोलला होता. चंद्रावती बसस्टँडच्या बाकावर बसली. समोर पणजीची बस उभी होती आणि कंडक्टर ओरडत होता. मे महिन्यात ती गावी गेली होती तेव्हा चहा करून तिने कप बाबांच्या पुढ्यात ठेवला होता. त्यांनी तो उचलला नाही. ती विहिरीवर जाऊन येईपर्यंत कप रिकामा झाला होता आणि बाकावर चहा सांडलेला होता. तिला वाटलं, राग. चार वर्षं वास्कोला राहते, जहाजदुरुस्तीच्या कंपनीत ट्रेसर म्हणून नकाशे गिरवते, चतुर्थीला रजा नाही म्हणते, त्याचा राग. तिनेही मग निघताना त्यांच्याकडे नीट बघितलं नाही. आणि गेल्या आठवड्यात बसच्या कंडक्टरबरोबर आलेली चिठ्ठी. "चवथीक ये. पाट अडतीस आसत." एवढंच. अक्षर वेडंवाकडं होतं, पण तिला वाटलं पेन्सिल बोथट असेल. शिवाय आकडा वाचून ती मनातल्या मनात फणकारली होती, की बघा, बढाई मारायला चिठ्ठी! अडतीस घरांनी आपापले लाकडी पाट बाबांच्या मूर्तींच्या शाळेत आणून ठेवले होते. त्या पाटांवर अडतीस गणपती बसायचे होते, आणि गुरुवारी चतुर्थी. आता ती चिठ्ठी तिने पर्समधून काढून पुन्हा वाचली तेव्हा तिला कळलं, की म्हातारा बढाई मारत नव्हता. मदत मागत होता. त्याला मागायची सवय नव्हती, म्हणून ती मागणी आकड्यासारखी दिसत होती. पावाची पिशवी घेऊन तशीच ती पणजीच्या बसमध्ये चढली.

बस कुठ्ठाळीच्या पुलावर आली तेव्हा पावसाची झड खिडकीतून आत येत होती. शेजारचे दोघे भाषेवरून भांडत होते. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा होऊन सहा महिने झाले तरी लोकांचं भांडण मिटलं नव्हतं. कंपनीतही तिला विचारायचे, तू मराठीवाली की कोंकणीवाली? घरी जे बोलतो त्याला काय म्हणायचं, हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं. आरत्या मराठीत म्हणायच्या आणि त्या झाल्या की प्रसाद "हाड रे हांगा", आण रे इकडे, म्हणत मागायचा. भाषेवरून दंगल झाली त्या वर्षी दोन्ही बाजूंचे लोक बाबांकडे फलक रंगवायला आले होते, एकाच आठवड्यात. बाबांनी एकाच डब्यातल्या लाल रंगाने दोन्ही रंगवले आणि एकाच दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातले. दोन्हीकडच्यांनी येऊन शिव्या दिल्या. बाबा त्या वेळी दोरीकडे बघत होते, कारण ती दोरी कपड्यांचं वजन वाढलं की आपोआप ताणली जावी अशी कप्पी त्यांनी नुकतीच बसवली होती आणि ती चालते की नाही याची त्यांना काळजी होती. असा माणूस. आई, चंद्रभागा, म्हणायची, "तुज्या बापायक देवान दोन हात दिले. एक घडवूक, दुसरो मोडूक." पायाने चालणारी खोबऱ्याची किसणी त्यांनी केली, ती खोबरं किसून छपराला लावायची. पावसाळ्यात मूर्ती सुकवायला नारळाची सोडणं पेटवून वारा घालणारा पंखा केला, त्याने अर्धी माटवी, म्हणजे मूर्तींचा मांडव, जळाली. पण शिवणयंत्राच्या पायट्यावर फिरणारा मूर्तीचा पाट केला तो असा सुरेख, की बसल्या जागेवरून गणपतीची पाठ आणि पोट दोन्ही दिसायचं. पेडणे महालातल्या निम्म्या चिताऱ्यांनी तो उचलला आणि कुणी त्यांचं नावही घेतलं नाही. आईला त्याचं वाईट वाटायचं. बाबांना नाही. आई गेली त्याला आता सात वर्षं झाली.

पणजीला गेल्या वर्षी कोसळलेला पूल अजून तसाच होता. मांडवीत त्याचे तुटके खांब उभे होते आणि फेरीबोटीला ही गर्दी. चंद्रावती बोटीच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि जे आठवायचं नाही म्हणून वास्कोपासून टाळत आली होती ते पाण्यावरून सरळ समोर आलं. नऊ वर्षांपूर्वीची चतुर्थी. ती तेव्हा पंधरा वर्षांची. त्या साली बाबांच्या डोक्यात एक चकरी फिरत होती. समईच्या आचेने हवा वर जाते, त्या हवेवर पत्र्याची पातळ चकरी फिरते. ती मूर्तीच्या प्रभावळीमागे लपवायची, तिला तार जोडायची, आणि तारेच्या टोकाला गणपतीच्या डोळ्यांचे दोन मातीचे गोळे. आरतीला दिवे वाढले की देव नजर फिरवणार. बाबा त्या चकरीत इतके बुडाले, की डोळे काढायचेच राहिले. त्यांच्या घरात डोळ्यांची आखणी घरातल्या वडील पुरुषानेच करायची असा रिवाज. पण चंद्रावती लहानपणापासून नारळाच्या करवंट्यांवर डोळे काढायची आणि बाबा ते गुपचूप बघायचे. त्या दिवशी त्यांनी खारीच्या केसांचा कुंचला तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू काड गे." तिने काढले. एवढा आनंद तिला पुन्हा कधी झाला नाही. मूर्ती गावातल्या सगुण नावाच्या माणसाच्या घरी गेली. पंधरा माणसांचं मोठं घर. बाबांनी चकरीचं कुणालाच सांगितलं नाही, चकित करायचं म्हणून. आरतीला कापूर पेटला, सगळ्या समया लागल्या आणि गणपतीने डोळे हळूच डावीकडे फिरवले. बायकांच्या रांगेत किंकाळी उठली. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सगुणाची आई, सरस्वतीकाकी, जागच्या जागी कोसळली. मग काय विचारता! भटाने अरिष्ट म्हटलं, दीड दिवसाचा देव त्याच संध्याकाळी बुडवला, शांत केली. एकदा उघडलेली देवाची दृष्टी हलवायची नसते हे पेडण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि चिताऱ्याला ठाऊक नाही! दुसऱ्या दिवशी सगुण दारात येऊन ओरडला होता, "डोळे कोणी काडले ते सांग!" चंद्रावती माळ्यावर लपली होती. तिने खालून बाबांचा आवाज ऐकला, "मी." एकच शब्द. पुढच्या वर्षी बावीस पाट आले नाहीत. चकरीला दोष देणारे थोडे, डोळ्यांना देणारे जास्त. ते डोळे जिवंत होते, भय वाटण्याइतके जिवंत, असं लोक म्हणत आणि चंद्रावतीला ते खरं वाटे. तिने कुंचला सोडला आणि शिकायला गेल्यावर आखणीचं पेन धरलं. नकाशातली रेघ सरळ आली की तिला कुणी काही विचारत नाही. ती कुणाकडे बघतही नाही.

म्हापसा, मग पेडणे, मग इब्रामपूरची शेवटची बस. ती घरी पोचली तेव्हा शेतांवर अजून उजेड होता. शाळा म्हणजे घराला लागून असलेली माटवीच. ती सरळ तिकडेच गेली. फळ्यांवर अडतीस गणपती ओळीने बसले होते. पितांबर रंगवलेले, सोंडेवर नक्षी, कानात कुड्या, नखांना गुलाबी छटा. रंग कुठे कुठे कडेबाहेर गेला होता आणि तो पुसून पुन्हा लावला होता. एकालाही डोळे नव्हते. पांढऱ्या, कोऱ्या खोबणी. अडतीस देव तिच्याकडे तोंड करून बसले होते आणि एकही तिला बघत नव्हता. बाबा कोपऱ्यात बसून पायट्याच्या पाटाला तेल घालत होते. त्यांचा उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला होता, डाव्याने चाललं होतं. "रजा मेळ्ळी?" त्यांनी विचारलं, जणू ती पेडण्याहून कुळीथ घेऊन आली होती. "ना. अशीच आयलंय." बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पाव हाडलंस वास्कोचो? बरा केलंस." पिशवी त्यांनी डाव्या हाताने घेतली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं, पण भूक लागली होती. दोघांनी तिथेच बसून चहात बुडवून पाव खाल्ला. या वेळी बाबांनी कप दोन्ही हातांनी तिच्यासमोर उचलला. तो थरथरत तोंडापर्यंत गेला.

बोलणं झालं ते रविवारी सकाळी. "तां वास्कोत बघितलंय मी," ती म्हणाली. "केरबाच्या हाताक. माज्या दप्तराचो पटो." "बरो पटो तो," बाबा म्हणाले. "दोन म्हयने लागले करूक. हात असो थारार जालो, दगड जसो. एक डोळो काडलो. रेघ बरी, गोल बरो, सगळा बरा. पुण मेल्लो." त्यांनी फळीखालून एक मातीचा तुकडा काढून दाखवला. खरंच, डोळा मेलेला होता. माशाच्या बाजारात असतो तसा. पायट्याच्या पाटानंतर पहिल्यांदा या माणसाचं यंत्र पूर्णपणे यशस्वी झालं होतं, आणि तेच त्याच्या उपयोगाचं नव्हतं. आपल्याला हसू यावं की कढ, हे चंद्रावतीला कळेना. "तू काड," बाबा म्हणाले. नऊ वर्षांपूर्वी म्हणाले होते तसेच, फक्त शेवटचा 'गे' गळाला होता. तिने करवंटी घेतली, कुंचला घेतला, वरच्या पापणीची रेघ ओढली, मग खालची, मग बुबुळ, मग त्यात पांढरा ठिपका. चार वर्षांच्या ट्रेसिंगने हात असा बसलेला, की केस इकडचा तिकडे नाही. बाबांनी करवंटी उजेडाला धरली. फिरवली. खाली ठेवली. "नकाशो बरो जाला," ते म्हणाले.

तिला राग आला. दुसरी करवंटी घेतली, तिसरी घेतली. दुपारपर्यंत अकरा करवंट्यांवर बावीस डोळे तयार झाले आणि बावीसच्या बावीस छपराकडे बघत होते. माणूस काय करतो, हातच कामातून गेला असला तर! तिच्या मनात आलं, एकाचा हात कापतो म्हणून आणि दुसरीचा कापत नाही म्हणून, या घरचे गणपती आंधळेच बसणार. गुरुवारी अडतीस घरांतली माणसं येतील, नारळ-विडा ठेवतील आणि पाट उचलायला वाकतील तेव्हा बघतील. चाळीस वर्षांचं नाव त्या वाकण्यात संपेल. ती उठली आणि फळीसमोर उभी राहिली. तेव्हा तिला दिसला सगुणाच्या घरचा पाट. फणसाचा, जुना, कोपऱ्यात लोखंडी पट्टी मारलेला. त्यावर मूर्ती बसलेली होती. नऊ वर्षांत तो पाट आला नव्हता. "बाबा, हो पाट?" "आयलो," बाबा म्हणाले. "सगुण दारात ठेवन गेलो. उलयलो ना कायच." माळ्यावर लपलेली पंधरा वर्षांची मुलगी होती तिथेच होती, कुठे गेलीच नव्हती. "माका भय दिसता," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. बाबांनी ती मूर्ती छातीशी धरून फिरत्या पाटावर आणून ठेवली. मग म्हणाले, "माकाय दिसता. चाळीस वर्सां. दर मूर्तीक. आता देव डोळे उगडतलो, आनी पयलो कोणाक बघतलो? माकाच." ते थोडे हसले. "भय नासताना डोळे काडपाचे आसल्यार करवंटी बरी." तिने कुंचला हातात घेतला आणि बघितलं, तर कुंचल्याचं टोक हलत होतं. अगदी बारीक, पण हलत होतं. ती थांबली. "थांबू नको," बाबा मागून म्हणाले. "आता काड." त्यांनी पायटा दाबला. फिरता पाट सावकाश वळला आणि सगुणाच्या घरचा गणपती कोऱ्या खोबणी घेऊन तिच्यासमोर आला.

ती रेघ कशी ओढली गेली हे तिला नंतर कधी आठवलं नाही. एवढंच आठवतं, की पापणी अर्ध्यावर किंचित दबली, नकाशात दबली असती तर साहेबाने कागद फाडला असता, आणि तिथेच ती पापणी झाली. बुबुळात पांढरा ठिपका ठेवताना तिने श्वास धरला होता. ठिपका पडला आणि कुणीतरी तिला बघितलं. तिला आईची आठवण आली आणि ती हमसून रडली, कुंचला बाजूला धरून, रंगात पाणी पडू नये म्हणून. बाबा पायट्यावर पाय ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "सदतीस उरले." सोमवारी कंडक्टरच्या हाती कंपनीला रजेची चिठ्ठी गेली. ती दिवस उजाडल्यापासून आखणी करायची आणि बाबा पायाने पाट फिरवायचे. पाय मात्र त्यांचा अजिबात कापत नव्हता. प्रत्येक मूर्तीला तिला नव्याने भय वाटलं, आणि तिसऱ्या-चौथ्या मूर्तीपासून त्या भयाचीही सोबत वाटायला लागली.

मंगळवारी दुपारी, मूर्ती कुठवर आली ते बघायला सगुण आला, आणि त्याच्या मागून काठी टेकत त्याची आई. सरस्वतीकाकी आता कमरेत वाकली होती. चंद्रावती एकतिसाव्या गणपतीच्या डाव्या डोळ्यावर होती. तिने मान वर केली नाही. म्हातारी आपल्या पाटासमोर उभी राहिली. मग तिने विचारलं, "डोळे कोणी काडले?" तोच प्रश्न, त्याच घरातून. चंद्रावतीच्या हातातला कुंचला हवेतच राहिला. "माज्या चेडवान," मुलीकडे हनुवटी करून बाबा म्हणाले. आणि थांबून, मांडीखालचा हात बाहेर काढून, तो कापतो तसा कापू देत म्हणाले, "त्या वर्साकय तिणाच काडलेले. माजी फकत चकरी." सगुणाने तोंड उघडलं. "सगुणा," म्हातारी म्हणाली, "तू भायर रव जरा. छत्री गळता, हांगा माती आसा." सगुण एवढा बाप्या, पण निमूट बाहेर गेला.

म्हातारी फळीला धरून उभी राहिली. चंद्रावतीकडे न बघता, मूर्तीकडे बघत बोलली. "घोव गेल्याक तेन्ना धा वर्सां जाल्ली. घरात पंधरा माणसां. जेवाण वाड, उश्टी काड, सगळा मी. पुण माज्या तोंडाकडे बघून कोण उलय नासलो. त्या दिवसा आरती चलताली आनी देवान डोळे फिरवले. सगळ्यांक सोडून. रांधणीच्या दारात मी उबी. माका बघल्यान." "मगे तुमी पडलंत न्हय, काकी," चंद्रावती म्हणाली. "पडतलंय न्हय तर! तुका देवान बघल्यार तू उबी रवतलंस?" म्हातारीने नाक पदराला पुसलं. "आनी ह्या मेल्यांनी त्याच सांजे बुडयलो ताका. कोणेच माका विचारूक ना. नव वर्सां सांगतंय, पाट चिताऱ्याकडे दी, पाट चिताऱ्याकडे दी. औंदा आयकल्यान."

नऊ वर्षं. चंद्रावतीला वाटलं, हे आधी कळलं असतं तर. पण कळलं असतं तर काय केलं असतं हे तिला सांगता आलं नसतं, आणि बाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं. म्हातारी जवळ सरकली आणि बाहेर सगुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बाबांना म्हणाली, "औंदा आसा, चकरी?" "ना गे," बाबा म्हणाले. ते खरंच ओशाळले होते. "औंदा कायच ना. नुसती मूर्त." म्हातारीने मान हलवली. मग काठी टेकत ती फळीच्या डाव्या टोकाला गेली आणि तिथून मूर्तीकडे बघितलं. मग उजव्या टोकाला गेली, पार दारापर्यंत, आणि तिथून बघितलं. परत आली तेव्हा तिचं सगळं तोंड हसत होतं.

"फटी मारू नको म्हाताऱ्या," ती म्हणाली. "आसा. खंय गेल्यार माका बघता."

बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग चंद्रावतीकडे. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, मूर्तीच्या मागे गेले आणि वाकून तार कुठे आहे ते शोधायला लागले.